लवू मेस्त्रीचा दरवाजा

लवू मेस्त्रीची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझा उजवा पाय त्याच्या घरात होता आणि डावा पाय अंधेरीच्या आकाशात. हा अलंकार नाही. डाव्या पायाखाली बरोबर बावीस फुटांवर एक केळेवाला उभा होता. त्या एका क्षणात मी त्याच्या गाडीवरचे घड मोजले, विम्याचा हप्ता भरला आहे का ते आठवलं, बायकोला मनातल्या मनात दुसऱ्या लग्नाची परवानगी दिली आणि लगेच काढूनही घेतली. चप्पल मात्र माझ्यासाठी थांबली नाही. ती पुढे गेली आणि केळ्यांत पडली. केळेवाल्याने वर बघून माझ्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. चौथ्या पिढीला तो हात घालणार एवढ्यात मागून कोणीतरी माझी कॉलर धरली, मला मांजराच्या पिल्लासारखं आत ओढलं आणि रागावून विचारलं,

"अहो, गाडी अजून येवक नाय! खंय उतरतात तुमी?"

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमधली. आमच्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय मोडला होता आणि कोणीतरी सांगितलं की अंधेरी पूर्वेला, कुर्ला रोडवर, रामेश्वर निवासच्या दुसऱ्या मजल्यावर एक मालवणी सुतार राहतो, हात सोन्याचा आहे, फक्त जरा चक्रम आहे. मी गेलो. दाराशी त्याची बायको, रत्नप्रभावहिनी, उभी होती. "आतमधी आसत, बसा," एवढं म्हणून ती स्टोव्हकडे वळली. मी बसलो. समोरच्या भिंतीत एक दरवाजा होता. तसा दरवाजा मी अंधेरीत काय, कुठेच पाहिला नव्हता. दोन फळ्यांचा, मधासारख्या रंगाचा, चौकटीवर आंब्याची पानं कोरलेली, मधोमध गणपती, पितळी कड्या लखलखीत. खाली रुंद उंबरठा आणि त्यावर ताजं हळदकुंकू. ज्या खोलीला असा दरवाजा आहे त्या खोलीत मेस्त्री बसला असणार, असं कोणालाही वाटलं असतं. मी कडी काढली, "मेस्त्री!" म्हणून हाक मारली आणि ऐटीत पाऊल टाकलं.

मेस्त्री मागे मोरीत हात धूत होता. त्या दरवाज्यामागे काहीच नव्हतं.

वहिनींनी मला पाणी दिलं आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे तिसरे."

"दुसरे," लवू म्हणाला. "पोस्टमन अर्धोच गेल्लो."

मग त्याने मला खाली बसवलं, कानावरची पेन्सिल काढली आणि जमिनीवरच नकाशा काढून समजावलं. हा रस्ता. हे खांब. खांबांवर रेल्वे. आणि हा दरवाजा जिथे उघडतो तिथे प्लॅटफॉर्म. "माणूस गाडीतसून उतारलो काय सरळ माझ्या दारात," तो म्हणाला. त्याचा आवाज असा होता, की मी नकळत मागे वळून गाडी येतेय का ते पाहिलं.

लवू बाबाजी मेस्त्री कुडाळकडचा. वय तेव्हा शेहेचाळीस, उंची पाच फूट दोन इंच, त्यात पेन्सिल धरली तर पाच तीन. ती पेन्सिल कानावरून उतरलेली मी फक्त मोजमापाच्या किंवा आखणीच्या वेळी पाहिली. झोपताना आणि अंघोळीला तो ती काढत असावा, पण मी शपथ घेणार नाही. लालबागच्या एका गिरणीच्या सुतारखात्यात त्याने तेवीस वर्षं काढली. ब्याऐंशी साली संप झाला, गिरणी बंद पडली, आणि तेवीस वर्षं रोज सकाळी सातला घराबाहेर पडणारा हा माणूस घरात बसला. मूलबाळ नव्हतं. दोन माणसांचं पोट होतं आणि हातात कसब होतं. बाजारात अशा कसबाला तेव्हा पुष्कळ मागणी होती, हे इथेच सांगून ठेवतो. कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

संपाला वर्ष होत आलं तेव्हा रस्त्यावर तिपाई आणि दुर्बीण घेऊन काही लोक आले. खांबांवरच्या रेल्वेसाठी मोजणी चालू होती. त्यांच्यात विद्याधर नावाचा एक तरुण इंजिनियर होता, चांगल्या घरचा, बोलका. खिडकीतून मोजपट्टी धरायला म्हणून तो वर आला. वहिनींनी त्याला चहा दिला, गरम घावणे दिले, सोबत नारळाचा रस. तांदळाचा घावणा जाळीदार व्हायला हात लागतो, आणि वहिनींचा घावणा मच्छरदानीतून कापून काढल्यासारखा असे. पोराने सहा खाल्ले. सहा घावणे खाल्लेला माणूस खरं बोलेलच असं नाही, पण गोड नक्की बोलतो.

"काकू, अंधेरी म्हणजे उद्याचं वेगळं शहर आहे," तो म्हणाला. "रेल्वे इथूनच जाणार. स्टेशनही बहुतेक तुमच्या समोरच. आणि मी सांगतो, असे घावणे स्टेशनवर मिळायला पाहिजेत. लोक गाड्या सोडतील."

जाताना त्याच्या माणसाने खिडकीबाहेर वाकून भिंतीवर लाल रंगाची एक आडवी रेघ मारली आणि तिच्याखाली एक बाण काढला.

आता तुम्ही-आम्ही असतो तर ती रेघ पाहिली असती आणि विसरलो असतो. पण लवू सुतार होता. सुताराच्या जातीत रेघ म्हणजे हुकूम. एकदा फळीवर रेघ उठली की बापजाद्यांपासून ठरलेलं आहे: इथे करवत चालवायची. रेघ मारून विचार करत बसणारा मेस्त्री अजून कोकणात जन्माला यायचा आहे. लवूने खिडकीतून ओळंबा सोडला आणि मोजलं. रेघ त्याच्या घराच्या जमिनीपेक्षा बरोबर चार बोटं खाली होती.

"चार बोटां!" तो मला सांगत होता. "एक पायरी. तेनी माझ्या घराक मापूनच काढलेली."

तरी लवू अगदीच भोळा नव्हता. इंजिनियरच्या शब्दावर घराची भिंत फोडणारा माणूस तो नव्हे. त्याने त्याहून मोठ्या अधिकाऱ्याकडून मंजुरी घ्यायचं ठरवलं. तो गावी गेला आणि ग्रामदेवतेला कौल लावला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवाच्या पाषाणाला गुरव ओल्या कळ्या चिकटवतो, उजव्या बाजूला आणि डाव्या. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तिकडची लग्नं, जमिनी, कोर्टाचे दावे, सगळं या दोन कळ्यांवर चालतं, आणि आपल्याकडच्या कोर्टांपेक्षा पुष्कळ लवकर चालतं. गुरवाने लवूसाठी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझो लेकरू ममयसून इल्लो आसा, तेच्या दाराक अंधेरेत रेल्वेचा स्टेशान येतला काय?" जमलेली चार माणसं "व्हय म्हाराजा" म्हणायच्या आतच उजवी कळी खाली पडली.

देवाला इतकी घाई झालेली गुरवाने तीस वर्षांत पाहिली नव्हती म्हणे.

"बघा," लवू म्हणाला, "वाक्य पुरा जावक नाय, तेच्या आधी कौल!"

"आणि कधी येतला ता कोणी इचारल्यान?" वहिनी स्टोव्हजवळून म्हणाल्या.

 ही चूक जगात फक्त आमचा कोकणी माणूसच करू शकतो. तो तीनशे मैल जाईल, देवाला नारळ देईल, प्रश्न विचारेल, होकार मिळवेल आणि तारीख न विचारता परत येईल. देव होय म्हणाला की पुढचं विचारणं म्हणजे देवावर अविश्वास. आणि खरं सांगायचं तर, तारखेवरचा कौल डावा पडला तर काय, ही भीती.

त्याच फेरीत त्याने गावची आपल्या वाटणीची वस्तू तोडली. घरामागचा फणस. त्याच्या आईने लावलेला, दरसाल पन्नास-साठ फणस देणारा. फणसाच्या लाकडाला वाळवी लागत नाही आणि पाणी मारत नाही. प्लॅटफॉर्मच्या दाराला ऊनपाऊस लागणार, दुसरं लाकूड चालणार नाही, हा त्याचा हिशेब. फळ्या ट्रकने मुंबईला आल्या. त्याने खिडकीखालची भिंत फोडली, खिडकीचा दरवाजा केला आणि पाच महिने त्यावर काम केलं. घरमालकाला पत्ताच नव्हता. तो कधी वर चढत नसे, कारण जिन्याचा कठडा मोडलेला होता आणि वर चढलं की भाडेकरू तो दाखवत.

दाराला बाहेरून कडी-कोयंडासुद्धा होता.

"बाहेरून कशाला?" मी विचारलं.

"रातचा दुकान बंद करून प्लॅटफॉर्मावरसून कुलूप लावूक नको?" त्याने मलाच वेड्यात काढलं.

योजना ठरलेली होती. दारात साडेबत्तीस इंचाचा काउंटर. आत वहिनी आणि दोन तवे. पाटी रंगवून खाटेखाली तयार होती: 'गरम मालवणी घावणे'. मी टेबलाच्या पायासाठी म्हणून जायचो आणि दर वेळी मला प्रवासी व्हावं लागायचं. लवू हातात घड्याळ धरून दाराजवळ उभा राही.

"गाडी इली! दारां उघाडली! भाऊ, उतरा!"

मी खुर्चीवरून उतरायचो.

"एक प्लेट," मी म्हणायचो.

"सुटे हाडलास काय?" वहिनी तव्यावरून मान वर न करता विचारायच्या. "नोट मोडूक मी काय बँक घालून बसलंय?"

"बावीस सेकंद!" लवू ओरडायचा. "गाडी गेली! रत्ना, गिऱ्हाइकाचो हात गाडीत आणि घावणो तुझ्या हातात. असा नाय चलूचा."

"मग गाडयेक सांगा जरा थांब म्हणान."

असं म्हणून एकदा वहिनी हसल्या. मोठ्याने, तोंडावर पदर न धरता. त्या दाराला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही, पण रोज सकाळी त्याच्या उंबरठ्यावर हळदकुंकू त्याच घालायच्या. उंबरठा घराचा असतो, त्याच्यापलीकडे काही असो-नसो.

जयवंत हा लवूचा चुलत भाऊ. सात वर्षांनी धाकटा, लहानपणीच मुंबईला आलेला. गोरेगाव पूर्वेला एका स्टुडिओत सिनेमाचे सेट उभे करायचं काम त्याने घेतलं होतं आणि ते जोरात चाललं होतं. तो स्कूटरवरून यायचा, अंगाला वॉर्निशचा वास यायचा. पहिल्यांदा मी त्याला पाहिलं तेव्हा तो लवूला न्यायला आला होता.

"दादा, हेड मेस्त्री हो माझ्याकडे. उद्यापासून ये. बारा सुतार तुझ्या हाताखाली. मला झकास माणूस पाहिजे, आणि तुझ्यासारखा हात मुंबईत नाही यार."

"काय करूचा?"

"दरवाजे, खिडक्या, वाडे. पुढून बघितलं की असा वाडा की बास. मागे काय नाय, बांबूचा टेकू."

"मागे काय नाय?" लवूचा चेहरा एकदम कडवट झाला. "मग तो दरवाजो कसलो रे? दरवाज्याच्या मागे काय तरी आसाक व्हया. मी खोटे दरवाजे करूचंय नाय."

हे वाक्य तो कशाला पाठ टेकून बोलला, ते मी सांगायला नको. जयवंतने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या पायाकडे पाहिलं. तो अजून तसाच होता.

"आणि ह्या स्टेशन सोडून मी गोरेगावाक गेलंय," लवू पुढे म्हणाला, "आणि दुसऱ्या दिसाक खांब घालूक लोक इले तर? दारात कोण व्हया?"

"वहिनी, तुम्ही तरी सांगा ना," जयवंत म्हणाला.

"मी सांगून काय होतला? हेंका देवान सांगल्यान."

जयवंत पुढच्या वर्षीही आला. तेव्हाही तेच उत्तर. तो चिडून म्हणाला, "दादा, जागा धरून ठेवतोय मी तुझ्यासाठी. किती दिवस धरणार?" लवू म्हणाला, "मी पण धरूनच बसलंय." या उत्तरावर आम्ही दोघे हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

गिरणीकडून जे काही मिळालं होतं ते तोवर संपलं होतं. लवू बारीकसारीक दुरुस्तीची कामं करायचा, पण दार सोडून लांब जायचा नाही. त्यामुळे कामं घराच्या हाकेच्या अंतरावरची, तेवढीच. मग एके दिवशी वहिनींनी स्टूल उचललं, डबा उचलला आणि त्या खाली रस्त्यावर जाऊन बसल्या. बरोबर त्या दाराच्या खाली, केळेवाल्याच्या शेजारी. घावणे खपू लागले. ऑफिसला जाणारे उभ्याउभ्या खायचे. अडचण एकच. घावणा गरम पाहिजे, आणि स्टोव्ह रस्त्यावर मांडला की महापालिकेची गाडी उचलून नेई. म्हणजे घावणे वर करायचे, खाली आणायचे. दोन मजले. दिवसातून पंधरा-वीस वेळा. त्या कठडा नसलेल्या जिन्यावरून.

मी लवूला म्हणालो, "मेस्त्री, हा एवढा दरवाजा आहे तुझा. टोपलीला दोरी बांध आणि इथून सोड. वहिनींचे गुडघे वाचतील."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गणपतीच्या मखरात कपडे वाळत घालायला सांगतोय.

"भाऊ, हो दरवाजो माणसांसाठी आसा. टोपल्यांसाठी नाय."

"मग निदान जिन्याला कठडा तरी घाल. लाकूड आहे तुझ्याकडे." दाराच्या चौकटीतून उरलेल्या फणसाच्या लांब पट्ट्या खाटेखाली पाटीशेजारी पडल्या होत्या.

"ता काउंटराचा लाकूड. आणि स्टेशान इला काय जिनो वापरतला कोण?"

मी हसलो. त्याच्यावर हसणं इतकं सोपं होतं, की मी ते दोन वर्षं करत आलो होतो. माझे सगळे मित्र माझ्या तोंडून लवूचे किस्से ऐकायला यायचे, आणि मी ते रंगवून सांगायचो. पोस्टमनला तर मी अर्धा नव्हे, पाऊण बाहेर काढला होता. त्या पट्ट्या बाहेर ओढून, दोन खिळे ठोकून मीच कठडा घालावा, हे काही सुचलं नाही. किश्शाला ते बरं दिसलं नसतं.

श्याऐंशीच्या ऑगस्टात सकाळी अकराच्या सुमाराला वहिनी हातात डबा घेऊन उतरताना पहिल्या मजल्याच्या वळणावर घसरल्या. धरायला काही नव्हतं. त्या थेट खालच्या बोळात पडल्या. डाव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. लवू वरून धावला तो नेहमीच्या जिन्याने. खाली पोचला तेव्हा केळेवाल्याने वहिनींना आपल्या हातगाडीवर घेतलं होतं, केळी बोळात ओतून. त्या हातगाडीवरूनच त्यांना दवाखान्यात नेलं. मी संध्याकाळी गेलो तेव्हा वहिनींचा पाय वजन लावून टांगला होता. लवू पायाशी बसला होता. वहिनी मला म्हणाल्या,

"भावजी, आता हेंका जरा तारीख इचारूक न्या खंयतरी."

म्हणून पुढच्या आठवड्यात मी त्याला ज्या सरकारी कचेरीतून ती मोजणी झाली होती तिथे घेऊन गेलो. लवूने इस्त्रीचा शर्ट घातला होता. सोबत दाराच्या मापांचा कागद होता. तीन टेबलं फिरून आम्ही एका बाईंसमोर उभे राहिलो. बाई सरळ होत्या. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण आधीच्या तिघांनी नव्हतं सांगितलं.

लवूने त्यांना सगळं सांगितलं. रेघ, चार बोटं, बावीस फूट. बाईंनी शांतपणे ऐकलं.

"काका, ती रेघ प्लॅटफॉर्मची नाही हो," त्या म्हणाल्या. "ती नुसती उंचीची खूण. दुर्बिणीतून मोजायला कुठल्यातरी पक्क्या भिंतीवर एक रेघ मारतात. तिथपासून सगळ्या रस्त्याचा चढ-उतार मोजायचा. अशा पुष्कळ आहेत तुमच्या रस्त्यावर. एक तर मुतारीवर आहे."

"आणि स्टेशान?"

त्यांनी एक नकाशा काढला. त्यावर पेन्सिलीने एक लांबट चौकोन होता. "हे असं कुठेतरी. पण ते नुसतं सुचवलेलं. मंजुरी नाही. फाइल बाजूला पडलीय दोन वर्षं."

"तो विद्याधरसाहेब—"

"त्यांची बदली झाली. नागपूरला."

लवू त्या पेन्सिलीच्या चौकोनाकडे बघत राहिला. मग त्याने तो प्रश्न विचारला, जो तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे विचारायचा राहिला होता.

"बाई, पण येतला मगे कधी?"

बाईंनी नकाशाची घडी घातली. "आता ते देवालाच ठाऊक, काका."

त्यांनी ते सहज म्हटलं होतं. आपण सगळेच म्हणतो. पण लवूचा चेहरा मी पाहिला आणि एवढा मोठा विनोदी माणूस म्हणवणारा मी त्याच्या मापांचा कागद उचलून उठलो. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. साकीनाक्याच्या आसपास त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून गोरेगावला गेला. मी बरोबर होतो. स्टुडिओच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये करवती चालू होत्या. जयवंत धावत आला, त्याने पाया पडायला वाकून नमस्कार केला, चहा मागवला. मग तो आपल्या कपाकडे बघत म्हणाला,

"दादा, हेड मेस्त्रीची जागा मी मे महिन्यात भरली रे. धोंडिराम म्हणून आहे. चांगला माणूस आहे, लातूरकडचा. मी थांबलो होतो तुझ्यासाठी, पण..."

"माका हेड नको," लवू म्हणाला. "रोजार घे."

धोंडिराम लवूपेक्षा बारा वर्षांनी लहान होता. त्याने लवूची रंधा मारण्याची पद्धत दोन मिनिटं पाहिली आणि त्याला "मेस्त्री" न म्हणता "काका" म्हणायला सुरुवात केली. हे त्याने आदराने केलं. लवूला ते कसं लागलं ते मी विचारलं नाही.

नोव्हेंबरात एका सिनेमासाठी पाटलाचा वाडा उभा करायचा होता. जयवंतला दर्शनी दरवाजा भारी हवा होता आणि वेळ नव्हता. तो लवूच्या घरी आला, दाराकडे बघत राहिला आणि चाचरत म्हणाला, "दादा, रागावू नको. हा दिलास तर..."

लवू काही बोलायच्या आधी वहिनी खाटेवरून म्हणाल्या, "देऊन टाका."

दार लवूने स्वतः काढलं. चौकटीसकट, एक ओरखडा न उठवता. चौकट हलवायच्या आधी वहिनींनी त्याला थांबवलं. "उंबऱ्याचा कुकू मी पुसतंय, तुमी हात लावू नका." प्लास्टरमधला पाय ओढत त्या खाटेवरून उतरल्या, जमिनीवर सरकत दारापाशी गेल्या आणि ओल्या फडक्याने उंबरठा पुसला. कोपऱ्यातलं कुंकू लाकडात मुरलं होतं. तेवढं निघेना.

सेटवर दरवाजा फार शोभला; तो बघायला मीही गेलो होतो. दिग्दर्शकाने त्याच्यावर दोनदा हात फिरवला, कॅमेरेवाला खूश झाला. दरवाज्यामागे बांबूचा टेकू होता आणि त्यामागे चहाची किटली. प्रसंग असा होता की हिरो धावत येतो, लाथ मारतो, दार फुटतं आणि तो आत शिरून पाटलाची कॉलर धरतो. हिरो धावत आला. त्याने लाथ मारली. दार फुटलं नाही. दुसऱ्यांदा मारली. बिजागऱ्या मुद्दाम सैल केल्या, मागचा अडसर काढला, तरी फळी फुटेना, चौकट हलेना. फणस तो. चौथ्या लाथेला हिरो खाली बसला आणि पाऊल धरून जे बोलला ते ऐकून मला केळेवाल्याची आठवण झाली. काम थांबलं. सगळे ओरडू लागले.

"हा दरवाजा कुणी केलाय?" दिग्दर्शकाने विचारलं.

कोपऱ्यात उभ्या असलेल्या लवूने हात वर केला. शाळेत करतात तसा. मला वाटतं, त्या सबंध काळात तो एवढाच एक क्षण त्याला बरं वाटलं असेल.

"असा कुणी करतं का?" दिग्दर्शक म्हणाला.

जयवंत लवूला बाजूला घेऊन गेला. "दादा, आपल्याला फुटणारा पाहिजे. प्लायवूडचा. ह्याच्यासारखाच दिसायला हवा, बास."

लवूने खिशातून पेन्सिल काढली. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर बसला आणि संध्याकाळी पाचला दरवाजा तयार होता. आंब्याची पानं रंगवलेली, गणपती पुठ्ठ्याचा, लाकडाच्या रेषा ब्रशने काढलेल्या. लांबून दोन्ही दरवाजे ओळखू येत नव्हते. दुसऱ्या दिवशी हिरोने दुसऱ्या पायाने लाथ मारली आणि तो पहिल्याच लाथेला फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फणसाचा दरवाजा वर्षभर गोदामात होता. मग तो चिरून कँटीनची दोन बाकं केली. रामेश्वर निवासच्या भिंतीला आता खिडकी आहे, तिला गज लावले आहेत. वहिनी लंगडतात. लवू मेस्त्री अजून गोरेगावला रोजावर जातो, आणि प्लायवूडचं सगळं काम धोंडिराम त्यालाच देतो, कारण त्याचे दरवाजे बरोबर मधोमध फुटतात.